जॉक स्टीन आणि सेल्टिक : तीस मैलांच्या परिघातला संघ

ब्रिटनमधील व्यावसायिक फुटबॉल क्लबांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॅनेजर हा बहुतेक ठिकाणी कार्यालयात बसणारा माणूस होता. पत्रव्यवहार, प्रवासाची व्यवस्था आणि खेळाडूंचे करार ही त्याची मुख्य कामे असत, मैदानावरचा सराव शरीर तंदुरुस्त ठेवण्यापुरता आणि दुसऱ्याच कोणाच्या देखरेखीखाली चाले, आणि शनिवारच्या सामन्यात कोणते अकरा जण उतरणार हे अनेक क्लबांत संचालक मंडळ किंवा त्याचा अध्यक्षच ठरवत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी मोडत गेली आणि सराव, संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री व शिस्त ही सगळी सूत्रे एकाच माणसाच्या हाती आली. हा बदल घडवणाऱ्यांत तीन स्कॉटिश नावे ठळक आहेत : मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी, लिव्हरपूलचे बिल शँकली आणि ग्लासगोच्या सेल्टिकचे जॉक स्टीन. तिघेही कोळशाच्या खाणींभोवतालच्या वस्त्यांत वाढले आणि तिघांनीही तरुणपणी खाणीत काम केले. पहिल्या दोघांची कीर्ती त्यांच्या क्लबांबरोबर जगभर पसरली. स्टीन यांचे नाव स्कॉटलंडबाहेर त्या मानाने कमी घेतले जाते. मात्र हाती असलेल्या साधनांतून कोणी किती उभे केले, हा निकष लावला तर तिघांत स्टीन यांचे काम सर्वांत मोठे ठरते.

स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी लॅनार्कशायरमधील हॅमिल्टनजवळच्या बर्नबँक या वस्तीत झाला. शाळा सुटल्यावर गालिच्यांच्या कारखान्यात काही काळ घालवून ते खाणीत उतरले आणि १९४२ पासून आठवडाभर जमिनीखाली काम व शनिवारी अल्बियन रोव्हर्स या लहान क्लबासाठी बचावफळीत खेळ, असा त्यांचा क्रम राहिला. खेळाडू म्हणून त्यांच्यात विशेष चमक नव्हती. १९५० मध्ये ते वेल्समधील लानेली या लीगबाहेरच्या क्लबात गेले, तेव्हा त्यांची कारकीर्द उतरणीला लागल्यासारखीच होती. पुढच्याच वर्षी सेल्टिकने त्यांना बोलावले ते मुख्यतः राखीव संघातील तरुणांना आधार म्हणून. परंतु आघाडीचे बचावपटू जखमी झाल्याने त्यांना पहिल्या संघात जागा मिळाली, ती त्यांनी सोडली नाही आणि लवकरच ते कर्णधार झाले. १९५३ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंडच्या प्रमुख क्लबांत झालेला राज्यारोहण चषक आणि १९५३-५४ च्या हंगामात लीग व स्कॉटिश चषक ही दोन्ही विजेतेपदे सेल्टिकने त्यांच्या नेतृत्वाखाली मिळवली. घोट्याच्या दुखापतीने १९५७ मध्ये त्यांचा खेळ संपला.

ज्या क्लबात ते आले होते, त्याचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या घटनांचे वजन कळत नाही. सेल्टिकची स्थापना १८८७ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागात, ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश कॅथलिक धर्मबंधूंच्या पुढाकाराने झाली आणि तिचा उद्देश स्थलांतरित आयरिश कुटुंबांतील भुकेल्या मुलांच्या अन्नासाठी पैसा उभा करणे हा होता. त्यामुळे क्लब आणि शहरातील गरीब कॅथलिक समाज यांचे नाते पहिल्यापासून जडले, तर त्याच शहरातील रेंजर्स हा क्लब प्रोटेस्टंट समाजाचा मानला गेला आणि त्याने कित्येक दशके कॅथलिक खेळाडूंना आपल्या दारात उभे केले नाही. सेल्टिकने असे बंधन कधी पाळले नव्हते. १९३६ मध्ये तर कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम हा खेळाडू बूट न घालता, पायांना पट्ट्या गुंडाळून सेल्टिकच्या राखीव संघाकडून खेळला होता, आणि त्याची ग्लासगोच्या वृत्तपत्रांनी कौतुकाने दखल घेतली होती. तरीही मॅनेजरचे पद स्टीन यांच्यापूर्वीच्या तिन्ही वेळी कॅथलिक माणसाकडेच गेले होते. स्टीन हे प्रोटेस्टंट घरातले. खाणकामगारांच्या ज्या वस्तीत ते वाढले तिथे सेल्टिकचा हिरवा-पांढरा पोशाख अंगावर घेतल्याची किंमत त्यांना जवळच्या काही माणसांच्या दुराव्याने मोजावी लागली.

मॅनेजर म्हणून त्यांची जडणघडण खेळाडू असतानाच सुरू झाली होती. सेल्टिकचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी आपल्या खेळाडूंना १९५३ मध्ये वेम्बली येथे इंग्लंड-हंगेरी सामना आणि पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधील विश्वचषक पाहायला नेले. हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर ६-३ असे हरवले होते, आणि ब्रिटिश फुटबॉल जगाच्या पुढे आहे हा समज त्या दुपारी संपला. हंगेरीचे खेळाडू आपापली जागा सोडून फिरत, त्यामुळे त्यांच्यामागे कोणी जायचे हे प्रतिस्पर्ध्याला कळेनासे होई. त्या काळातील ब्रिटिश खेळात मात्र प्रत्येकाची जागा पाठीवरच्या क्रमांकाने ठरलेली असे. हा फरक स्टीन यांनी मनात जपून ठेवला. १९५७ पासून सेल्टिकच्या राखीव संघाला शिकवताना त्यांनी सरावात चेंडू आणला. आज ही गोष्ट सांगण्यासारखीही वाटणार नाही, परंतु तेव्हाच्या ब्रिटिश क्लबांत मैदानाभोवती धावणे हाच सराव होता आणि आठवडाभर चेंडूपासून दूर ठेवले तर खेळाडू शनिवारी त्यासाठी आसुसतील, अशी समजूत होती. बिली मॅकनील, जॉन क्लार्क यांसारखी मुले याच वर्गात घडली.

सेल्टिकमध्ये वर चढण्याची वाट दिसत नसल्याने मार्च १९६० मध्ये स्टीन डनफर्मलिन अ‍ॅथलेटिक या छोट्या शहरातील क्लबाचे मॅनेजर झाले. लीगमधील सहा सामने उरले होते आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. त्यांनी सहाही सामने जिंकून दिले आणि एका वर्षाने, एप्रिल १९६१ मध्ये, स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत डनफर्मलिनने सेल्टिकलाच हरवले. पुढच्या हंगामांत याच क्लबाने युरोपीय स्पर्धेत एव्हर्टनला नमवले, आणि व्हॅलेन्सियाविरुद्ध स्पेनमध्ये चार गोलांनी हरल्यावर घरच्या सामन्यात ६-२ असा विजय मिळवून लढत तिसऱ्या, निर्णायक सामन्यापर्यंत नेली. १९६४ मध्ये ते एडिनबरोच्या हिबर्नियनकडे गेले आणि तिथेही काही महिन्यांतच मैत्रीपूर्ण सामन्यात रेआल माद्रिदचा पराभव झाला. दरम्यान १९६३ मध्ये त्यांनी इटलीत मिलानला जाऊन इंटर मिलान या क्लबाचे प्रशिक्षक एलेनियो एरेरा यांची सरावपद्धती जवळून पाहिली. त्या भेटीचा उपयोग चार वर्षांनी, एरेरांच्याच विरुद्ध झाला.

सेल्टिकची अवस्था या काळात दयनीय होती. १९५७ नंतर एकही मोठा चषक नाही, लीगचे विजेतेपद तर १९५४ नंतर नाहीच. मॅनेजर जिमी मॅकग्रोरी हे खेळाडू म्हणून थोर आणि माणूस म्हणून सौम्य होते. पण संघ प्रत्यक्षात अध्यक्ष केलीच निवडत. १९६५ च्या आरंभी केली यांनी स्टीन यांच्याशी बोलणी सुरू केली. संघाचा सर्वाधिकार मिळत असेल तरच येऊ, अन्यथा नाही, ही स्टीन यांची अट होती. केली यांनी ती मान्य केली आणि मार्च १९६५ मध्ये क्लबाच्या इतिहासातील चौथे व पहिले प्रोटेस्टंट मॅनेजर रुजू झाले. सहा आठवड्यांत, २४ एप्रिल रोजी, सेल्टिकने डनफर्मलिनला ३-२ असे हरवून स्कॉटिश चषक जिंकला. सामना संपायला नऊ मिनिटे उरली असताना कर्णधार मॅकनीलने डोक्याने मारलेला तो गोल क्लबाच्या पुढच्या दशकाचा आरंभबिंदू मानला जातो.

स्टीन यांच्या कामाचे मर्म पुढील दोन वर्षांत दिसते. १९६७ मध्ये युरोप जिंकणाऱ्या अकरा जणांपैकी दहा जण ते आले तेव्हा क्लबात आधीच होते. बाहेरून आणलेला एकटा विली वॉलेस, आणि तोही डिसेंबर १९६६ मध्ये शेजारच्या एडिनबरोतून, सुमारे ३० हजार पौंडांना घेतलेला. ज्या खेळाडूंकडून आठ वर्षांत काही जमले नव्हते तेच खेळाडू नव्या जागांवर वेगळे दिसू लागले. डावीकडील कडेला धावणारा, तापट स्वभावाचा बर्टी ऑल्ड मधल्या फळीत आला आणि आघाडीत अडखळणारा बॉबी मर्डोकही. या दोघांच्या हाती खेळाचा वेग सोपवण्यात आला, कारण दोघांचाही लांब पास अचूक होता आणि धावण्यापेक्षा बघण्याची शक्ती मोठी होती. बचावफळीच्या कडेला खेळणाऱ्या टॉमी गेमेलला पुढे जाण्याची मुभा मिळाली, किंबहुना सक्तीच झाली. मॅकनील कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर जाऊ लागला. आणि गोलरक्षक रॉनी सिम्पसन, ज्याला स्टीन यांनीच हिबर्नियनमध्ये असताना उताराला लागलेला समजून विकले होते, त्याने वयाच्या पस्तिशीनंतर आपली सर्वोत्तम कामगिरी केली.

१९६६ च्या उन्हाळ्यात, लीगचे विजेतेपद हाती आल्यावर, संघ पाच आठवड्यांसाठी बर्म्युडा, अमेरिका व कॅनडाच्या दौऱ्यावर गेला. वरवर ही सहल होती. परंतु नव्या जागा, नव्या जोड्या आणि एकमेकांच्या सवयी पक्क्या झाल्या त्या तिथे, आणि संघ एकही सामना न हरता परतला. त्यानंतरचा हंगाम स्कॉटिश फुटबॉलच्या इतिहासात एकमेव आहे. लीग, स्कॉटिश चषक, लीग चषक, ग्लासगो चषक आणि युरोपीय चषक, ज्या पाच स्पर्धांत सेल्टिक उतरले त्या पाचही त्यांनी जिंकल्या. युरोपीय चषक म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगचे पूर्वरूप. त्यात प्रत्येक देशाचा केवळ लीगविजेता आणि आधीच्या वर्षाचा विजेता यांनाच प्रवेश असे आणि पहिल्या फेरीपासून दोन सामन्यांची बाद पद्धत असे. झुरिक, नान्त, युगोस्लाव्हियाचा व्होय्व्होदिना आणि प्रागचा दुक्ला यांना बाजूला करून सेल्टिक अंतिम फेरीत पोहोचले. प्रागमधील सामन्यात आघाडी टिकवण्यासाठी स्टीन यांनी जवळजवळ सर्वांना बचावात उतरवले होते. निकाल हवा तसा लागला, तरी त्या खेळाबद्दल त्यांना समाधान नव्हते आणि तसा खेळ पुन्हा करायचा नाही, हे त्यांनी ठरवले.

अंतिम सामना २५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर होता आणि समोर १९६४ व १९६५ चा विजेता इंटर मिलान होता. एरेरांच्या इंटरने ‘कतेनाच्चो’ ही बचावपद्धती परिपूर्णतेला नेली होती. या पद्धतीत प्रत्येक बचावपटू समोरच्या एका ठरलेल्या आघाडीपटूला चिकटून राहतो आणि त्या सर्वांच्या मागे एक जादा बचावपटू कोणाचीही जबाबदारी न घेता मोकळा उभा राहतो. कोणी सुटून आला तर त्याला अडवणे एवढेच त्याचे काम. एक गोल झाला की संघ मागे सरकतो आणि उरलेला वेळ निभावून नेतो. पद्धत किफायतशीर होती, यशस्वीही होती, पण तिच्यामुळे खेळ पाहण्यासारखा उरत नसे, आणि स्टीन यांचा तिला विरोध केवळ डावपेचांचा नव्हता. फुटबॉल प्रेक्षकांसाठी आहे, तो जिंकताना सुंदरही दिसला पाहिजे, अशी त्यांची ठाम धारणा होती आणि ती त्यांनी सामन्यापूर्वी उघडपणे मांडली होती.

सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर सांद्रो मात्सोलाने इंटरला आघाडी मिळवून दिली आणि इंटर अपेक्षेप्रमाणे मागे सरकले. यापुढे जे झाले ते स्टीन यांच्या विचाराचे प्रात्यक्षिक होते. माणसाला माणूस चिकटणार असेल तर आपल्या माणसाने जागा सोडायची म्हणजे पहारेकरीही जागा सोडतो, हे गणित त्यांनी मांडले होते. उजवीकडचा जिमी जॉन्स्टन, जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा आणि चेंडू पायाला बांधल्यासारखा फिरवणारा, कडा सोडून आत व मागे येत राहिला आणि त्याच्यामागे इंटरचा बचावपटू तार्चिझियो बुर्न्यिक ओढला गेला. चाल्मर्स, वॉलेस आणि लेनॉक्स या आघाडीपटूंनीही आपापल्या पहारेकऱ्यांना मधून बाजूला नेले. अशा प्रकारे मोकळ्या झालेल्या कडांवरून जिम क्रेग व गेमेल हे दोन बचावपटू वर येत राहिले, आणि त्यांना अडवायला कोणी नेमलेलाच नव्हता. ऑल्ड आणि गेमेल यांचे फटके आडव्या खांबावर आदळले, इंटरचा गोलरक्षक सार्तीने एकामागून एक चेंडू अडवले. तरी चाल बदलली नाही. ६३व्या मिनिटाला क्रेगने उजवीकडून आडवा दिलेला चेंडू धावत आलेल्या गेमेलने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून जाळ्यात मारला. एका कडेच्या बचावपटूने दिलेला पास आणि दुसऱ्या कडेच्या बचावपटूचा गोल, ही त्या काळी जवळजवळ अकल्पनीय गोष्ट होती. सामना संपायला सहा-सात मिनिटे असताना मर्डोकच्या फटक्याला चाल्मर्सने गोलाजवळ दिशा दिली आणि सेल्टिक २-१ असे जिंकले. हा चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश क्लब ठरला. त्यापूर्वीचे सर्व विजेते स्पेन, पोर्तुगाल व इटलीचे होते.

त्या अकराही जणांचा जन्म सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या आत झाला होता. सर्वांत दूरचा बॉबी लेनॉक्स, पश्चिम किनाऱ्यावरील सॉल्टकोट्सचा. ‘लिस्बनचे सिंह’ म्हणून ते पुढे ओळखले गेले. हे सगळे योगायोगाने घडले असे म्हणता येणार नाही, कारण त्याच महिन्यात त्याच शहरातील रेंजर्सही युरोपच्या दुसऱ्या चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले होते. ग्लासगोच्या आसपास, जहाजबांधणीच्या गोद्या आणि खाणींच्या वस्त्यांत फुटबॉलची गुणवत्ता अमाप होती. गुणवत्ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण तिला युरोपच्या तोडीची मांडणी देणारा माणूस सेल्टिकला मिळाला.

१९६६ पासून १९७४ पर्यंत सेल्टिकने लीग सलग नऊ वेळा जिंकली. देशांतर्गत वर्चस्वाची ही वर्षे तपशिलाने सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत एकसारखेपणा आहे. पण माणसे हाताळण्याची स्टीन यांची रीत या काळात उठून दिसते. जॉन्स्टनला विमानाची विलक्षण भीती होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये रेड स्टार बेलग्रेडविरुद्धच्या घरच्या सामन्यात मध्यंतराला बरोबरी असताना स्टीन यांनी त्याला शब्द दिला की चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर परतीच्या सामन्यासाठी तुला विमानात बसावे लागणार नाही. सामना ५-१ असा संपला, त्यांतले दोन गोल जॉन्स्टनचे होते, आणि दिलेला शब्द पाळला गेला. धर्माच्या प्रश्नावरही त्यांचा व्यवहार असाच थेट होता : सारख्याच तोलाचे एक प्रोटेस्टंट आणि एक कॅथलिक असे दोन खेळाडू समोर आले तर आधी प्रोटेस्टंटाला घ्यावे, कारण कॅथलिकाला रेंजर्स घेणारच नाहीत, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. दुसऱ्याचा पूर्वग्रह हा आपला फायदा, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या चुकाही मोठ्या होत्या. एप्रिल १९७० मध्ये युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत सेल्टिकने लीड्स युनायटेडला दोन्ही सामन्यांत हरवले; हॅम्पडन पार्कवरील दुसऱ्या सामन्याला १,३६,५०५ प्रेक्षक होते, आणि त्या स्पर्धेतील हा विक्रम अजून मोडलेला नाही. इंग्लंडचा विजेता पडला म्हणजे चषक आलाच, ही भावना सगळीकडे पसरली आणि स्टीनही तिच्यापासून अलिप्त राहिले नाहीत. मिलानमधील अंतिम सामन्यात एर्न्स्ट हॅपल यांच्या फेयेनूर्डने मधल्या फळीत तीन माणसे ठेवून सेल्टिकच्या दोघांना निष्प्रभ केले आणि जादा वेळेत २-१ असा विजय मिळवला. तीन वर्षांपूर्वी इंटर ज्या जागी होते त्या जागी आता सेल्टिक होते, आणि नवा विचार घेऊन आलेला संघ दुसराच होता. लीग चषकातही असेच विचित्र चित्र दिसते. १९६५-६६ च्या हंगामापासून स्टीन यांचा सेल्टिक १९७८ पर्यंत दरवर्षी अंतिम फेरीत पोहोचला, पण त्या तेरापैकी फक्त सहा वेळा जिंकला.

तथापि पुढच्या घसरणीचे मुख्य कारण डावपेचांत शोधण्यापेक्षा पैशात शोधावे लागते. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावरील कमाल मर्यादा १९६१ मध्ये उठली आणि तिथले पगार झपाट्याने वाढले. सेल्टिकचे संचालक मात्र मैदान भरत असतानाही हात आखडूनच राहिले. स्टीन यांनी लिस्बनच्या संघामागे दुसरी फळी उभी केली होती आणि ती कदाचित पहिलीपेक्षाही गुणी होती : केनी डॅग्लिश, डॅनी मॅकग्रेन, लू मकारी, डेव्हिड हे, जॉर्ज कॉनेली. मकारी १९७३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, डेव्हिड हे १९७४ मध्ये चेल्सीला, आणि ऑगस्ट १९७७ मध्ये डॅग्लिश ४ लाख ४० हजार पौंडांना लिव्हरपूलला. जो संघ एकत्र राहता तर युरोपवर आणखी काही वर्षे राज्य करू शकला असता, तो भागाभागाने विकला गेला. याचा दोष मॅनेजरवर टाकणे अन्यायाचे ठरेल.

जुलै १९७५ मध्ये सुट्टीहून परतताना झालेल्या मोटार अपघातात स्टीन मरता मरता वाचले आणि पुढचा संपूर्ण हंगाम त्यांचे सहकारी शॉन फॅलन यांनी संघ सांभाळला. परतल्यावर १९७७ मध्ये त्यांनी लीग व स्कॉटिश चषक पुन्हा मिळवले, पण डॅग्लिश गेल्यानंतरच्या हंगामात सेल्टिक पाचव्या क्रमांकावर घसरले आणि १९७८ मध्ये त्यांची कारकीर्द संपली. तेरा वर्षांत दहा लीग, आठ स्कॉटिश चषक, सहा लीग चषक आणि एक युरोपीय चषक मिळवून देणाऱ्या माणसाला क्लबाने देऊ केले ते निधी-संकलनाशी जोडलेले संचालकपद. ज्याने मॅनेजरच्या पदाला अधिकार मिळवून दिला त्याला पुन्हा कार्यालयात बसवण्याचा हा प्रकार होता, आणि स्टीन यांनी तो नाकारला हे योग्यच झाले. लीड्समध्ये ४४ दिवस काढून ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर झाले आणि १९८२ च्या विश्वचषकात संघ घेऊन गेले. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून स्कॉटलंडने १९८६ च्या विश्वचषकाच्या पात्रतेसाठी ऑस्ट्रेलियाशी अखेरची लढत मिळवली. त्याच रात्री मैदानाच्या कडेला स्टीन कोसळले आणि तिथल्याच वैद्यकीय कक्षात वयाच्या ६२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे साहाय्यक होते अ‍ॅलेक्स फर्ग्युसन, ज्यांनी पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये सव्वीस वर्षे काम केले आणि आपण स्टीन यांच्याकडून काय शिकलो हे वेळोवेळी कृतज्ञतेने सांगितले.

सेल्टिकच्या मैदानातील एका प्रेक्षागृहाला आज स्टीन यांचे नाव आहे आणि २०११ मध्ये मैदानाबाहेर त्यांचा पुतळाही उभारला गेला. लिस्बननंतर युरोपचा हा चषक इंग्लंडच्या सहा क्लबांनी जिंकला आहे. स्कॉटलंडमधून तो जिंकणारा क्लब अजूनही सेल्टिक हा एकच आहे, आणि तोही एकदाच.